डोक्याचा गुरुवार

“‘दुखतं’ चालणार नाही. दुसरं क्रियापद सांगा.”

समोर बसलेली बाई गोंधळून नवऱ्याकडे बघायला मान वळवायची. पण नवरा तिथे नसायचाच, त्याला डॉक्टरांनी आधीच बाहेरच्या पडवीत बसवलेलं असायचं. मग ती बिचारी पुन्हा तेच म्हणायची, “डोकं दुखतं, डाक्टर.”

“डोकं सगळ्यांचंच दुखतं. तुमचं काय करतं? ठणकतं, आवळतं, जड होतं, भणभणतं, उठतं? रिकामी जागा भरा.”

एवढं बोलून ते पेन हवेत धरून थांबायचे. बाहेर वीस-पंचवीस माणसं खोळंबलेली असोत, वीज गेलेली असो, सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरल्याची आरोळी येवो, क्रियापद मिळाल्याशिवाय त्यांचं पेन कागदाला टेकायचं नाही. त्यांचे वडील शाळेत मराठी शिकवायचे. मुलगा डॉक्टर झाला तरी वडिलांचा तास काही सुटला नव्हता.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यातला पेशंट नेमका कोण, असा प्रश्न मला पडला होता.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. लग्न होऊन मी पुण्याहून महाडला आले होते. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, आणि मी फिजिओथेरपीची पदवी ट्रंकेत घालून घरात. महाडात तेव्हा या शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. “म्हणजे मालिश ना?” असं विचारणारे निदान प्रामाणिक तरी होते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून डॉक्टरच आहे, फक्त औषध देत नाही.” वर्षभर हे ऐकून ऐकून मी इतकी चिडखोर झाले होते की दूधवालासुद्धा मला घाबरून असायचा. अशात एक दिवस तळ्यामागच्या गल्लीतल्या या डॉक्टरांचा निरोप आला, येऊन भेटा म्हणून.

“मानेतलं काय येतं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“मान येते,” मी तुसडेपणानं म्हटलं.

“छान. मग गुरुवारपासून या. माझ्याकडे ‘आवळतं’वाले फार साठलेत.”

ही माझी मुलाखत. नोकरीला कुणाला इतक्या कमी शब्दांत कुणी घेतलं नसेल.

आठवड्याचे बाकीचे दिवस त्यांचा दवाखाना चार दवाखान्यांसारखाच चालायचा. ताप, खोकला, जुलाब, विंचू. गुरुवार मात्र डोक्याचा. गुरुवारच का, तर त्या दिवशी पुष्कळांचा उपास असतो, आणि उपाशी डोकं खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी दारावर ते स्वतः स्टुलावर चढून एक पाटी टांगायचे. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘डोक्याचा दवाखाना’. पाटी टांगून झाली की दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का ते बघायचे. त्या पाटीचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांचा सिद्धांत साधा होता. डोकेदुखी हा एक आजार नाही, ते नुसतं आडनाव आहे. एकाच आडनावाची गावात दहा घरं असतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. मग सगळ्यांच्या दारात एकच गोळी टाकून कसं चालेल? आधी घर ओळखा. आणि घर ओळखायची खूण म्हणजे क्रियापद. ज्याचं अर्धं डोकं ठणकतं, उलटी होते, उजेड सोसत नाही, त्याची अर्धशिशी. तो पेशंट डॉक्टर स्वतःकडे ठेवायचे, औषध द्यायचे आणि जेवण-झोपेची वही लिहायला लावायचे. ज्याचं आवळतं तो माझ्याकडे. गवताचे भारे वाहणाऱ्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, कोर्टातले मान मोडून लिहिणारे कारकून. ज्याचं वाचता वाचता जड होतं त्याला चष्म्याच्या दुकानाचे काका आपल्या भिंगांच्या पेटीसमोर बसवायचे. आणि ज्याचं डोकं उठतं तो सिस्टरांकडे. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक धिप्पाड बाई. त्यांच्या शेजारी नुसतं बसलं तरी माणसाला सगळं सांगावंसं वाटायचं.

आता क्रियापदावरून लागलेला अंदाज शेवटी तपासूनच पक्का व्हायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. बीपी, डोळे, नाक, दात, सगळं ते बघायचेच. पण सुरुवात व्याकरणापासून. एखादीचं ठणकायचंही आणि आवळायचंही. मग ते मला हाक मारायचे, “मानेबाई, या बघा हो, संयुक्त क्रियापद आहे!” म्हणजे ती बाई आम्हा दोघांची.

मानेबाई हे माझं आडनाव नव्हे. मी मानेचे व्यायाम द्यायचे म्हणून लोक मला मानेबाई म्हणू लागले. पुढे पुढे माझ्या नवऱ्याला बाजारात ‘मानेसाहेब’ अशी हाक येऊ लागली आणि तो मुकाट्यानं ओ देऊ लागला.

पेशंटबरोबर आलेल्या माणसानं आत यायचं नाही, हा कडक नियम होता. कारण बरोबरचा माणूसच सगळं बोलतो. सासू सुनेचं सांगते, नवरा बायकोचं सांगतो, आणि ज्याचं डोकं तो गप्प. पण नुसतं बाहेर थांबा म्हटलं की लोक दारातून माना घालतात. म्हणून डॉक्टरांनी तोड काढली होती. दोन दिवस आधी घरी वाल भिजत घालायचे, आणि गुरुवारी मोड आलेल्या वालांचं पातेलं पडवीत आणून ठेवायचं. जो सोबत येईल त्याच्या हातात एक वाटी. “तेवढं बिरडं सोलून द्या. वाटी भरली की तुमचा माणूस बाहेर येईल.” बिरडं सोलायला किती वेळ लागतो हे रायगडातल्या माणसाला सांगायला नको. मोठमोठे मिशाळ सासरे, मुंबईहून सुट्टीवर आलेले पँटवाले नवरे मांडी घालून बिरडं सोलताना मी पाहिलेत. आत डॉक्टर घड्याळ बघायचेच नाहीत. एखादी फार अवघड केस असली की आतूनच ओरडायचे, “त्यांना आणखी एक वाटी द्या!”

एकदा एक बाई आली. क्रियापद विचारल्यावर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, “खातात.”

“काय खातात?”

“डोकं खातात.”

“कोण?”

“बाहेर बसलेत ना, ते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग उठून बाहेर गेले आणि त्या नवऱ्याला तीन वाट्या सोलायला लावल्या. बाई सिस्टरांपाशी दीड तास बसली. दोन महिन्यांनी ती दोघं पुन्हा आली तेव्हा नवरा आपणहून पातेल्याकडे गेला.

कागद ठेवायची त्यांची तऱ्हाही अशीच. कुठल्याशा लिलावात त्यांनी टपाल लावायचं जुनं कप्प्यांचं कपाट घेतलं होतं. त्यात पेशंटांचे कागद नावाप्रमाणे नाही, क्रियापदाप्रमाणे. नाव सांगून कागद सापडायचा नाही. कुणी म्हणालं, “मी गेल्या महिन्यात आलो होतो,” तर कंपाउंडर विचारायचा, “काय करत होतं?” तो माणूस पार गोंधळून जायचा. मी या कपाटावरून त्यांच्याशी निदान दहा वेळा भांडले असेन. त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही.

कशेडी घाटात प्रवासी जीप चालवणारा एक जण होता. त्याचं डोकं घाट चढताना भणभणायचं आणि उतरताना राहायचं. काकांनी डोळे पाहिले, मी मान पाहिली, सिस्टरांनी त्याच्या घरची सगळी चौकशी केली. काही मिळेना. डॉक्टर म्हणाले, “चला.” आणि दवाखाना तसाच टाकून त्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. पोलादपूर सोडून घाट लागला तशी त्यांची स्वतःचीच कानशिलं भणभणू लागली. जीपच्या पत्र्याला पायापाशी फट होती आणि चढाला इंजिनचा सगळा धूर आत यायचा. त्या माणसाच्या कागदावर पुढच्या उपचाराच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं: गॅरेज. महाड नाक्यावरचा मेकॅनिक तो कागद बरेच दिवस लोकांना दाखवत होता.

हे सगळं गमतीचं वाटेल. मलाही वर्षभर वाटायचं. पण एका दुपारी एक कापडवाले आत आले आणि म्हणाले, “डॉक्टर, डोकं फुटलं. सकाळी, दुकानाचं कुलूप काढत होतो तेव्हा.” डॉक्टर ताडकन उभे राहिले. “भूतकाळ!” ते आमच्यावर ओरडले. कापडवाल्यांना त्यांनी खुर्चीवरून उठूही दिलं नाही, खुर्चीसकट जीपमध्ये घातलं आणि थेट मुंबईला धाडलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता. वेळेवर पोचले म्हणून वाचले. त्या संध्याकाळी ते आम्हाला म्हणाले, “रोजचं दुखणं वर्तमानकाळात बोलतं. ज्याला दुखणं सुरू झाल्याचा नेमका क्षण आठवतो, कुलूप काढत होतो म्हणून, त्याला क्रियापद विचारत बसायचं नाही.” त्या दिवसापासून मी त्यांच्या व्याकरणाची टिंगल कमी केली. बंद नाही केली.

गोळ्यांवर त्यांचा खरा राग. किराणा दुकानात साखरेबरोबर डोकेदुखीची गोळी मिळते, आणि रोज एक घेता घेता गोळीमुळेच डोकं धरायला लागतं, हे ते प्रत्येकाला सांगायचे. अशांना सिस्टर हळूहळू गोळीवरून उतरवायच्या. ज्याची सुटेल त्यानं शेवटचं रिकामं पाकीट आणून द्यायचं. त्या पाकिटांचं तोरण डॉक्टरांनी दवाखान्याच्या आतल्या दाराला बांधलं होतं. वाऱ्यानं ते चमचमायचं. दसऱ्याला कंपाउंडरनं आंब्याची पानं आणली तर ती त्यांनी बाहेरच्या दाराला लावायला सांगितली.

आता ते नाशिकला मुलीकडे असतात. परवा फोनवर मी म्हटलं, गुडघा दुखतो हो हल्ली. तिकडून लगेच आवाज आला, “‘दुखतो’ ही टाळाटाळ झाली, बाई. पुढे?”

असा हा माणूस एकदा चुकला. तेच सांगायचं आहे.

उमरठच्या पुढच्या एका गावातली एक मुलगी यायची. वीस वर्षांची, शांत, गावच्या बालवाडीत शिकवणारी. अर्धशिशी. आठवड्यातून एकदा तरी आडवी व्हायची. वडील तिला एसटीनं घेऊन यायचे, पडवीत मन लावून बिरडं सोलायचे. तिनं वही इतकी नेटकी लिहिली की डॉक्टर ती इतर पेशंटांना दाखवायचे, नाव झाकून. वर्षभरात तिचं आडवं होणं महिन्यातून एकदोन वेळांवर आलं. मधे तिचं लग्न ठरलं, सुपारी फुटली. शेजारच्याच गावचा मुलगा, मुंबईत नोकरीला. त्या गुरुवारी तिनं आम्हाला पेढे दिले आणि लाजून सिस्टरांच्या मागे उभी राहिली.

पुढे तीन गुरुवार ती आली नाही. चौथ्या गुरुवारी वडील एकटेच आले. त्यांनी वाटी घेतली नाही. सरळ आत येऊन डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी हातात घेतली.

“डाक्टर, पोरीचा कागद फाडून टाका.”

“का?”

“आमची पोर तुमच्याकडं कवा आलीच नव्हती, असं लिवून द्या.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. एसटीत लोक विचारायचे, कुठं चाललाव? हे साधेपणानं सांगायचे, महाडला, डोक्याच्या दवाखान्यात. ते गावोगाव झालं आणि मुलाच्या आईच्या कानावर गेलं. तिनं निरोप पाठवला, पोर डोक्याची हाय, आम्हाला नको. सुपारी मोडली. बालवाडीतही आया कुजबुजायला लागल्या होत्या, येडी बाई पोरांना काय शिकवनार.

“ती रडत बी नाय,” वडील म्हणाले. “वही चुलीत घातलान. आता म्हनते, डोकं दुखून मेले तरी चालंल, त्या दवाखान्यात नाय जायची.”

डॉक्टर म्हणाले, “खोटं मी लिहिणार नाही. तिला आजार आहे आणि तो बरा होतोय, एवढंच खरं आहे. हवं तर ते लिहून देतो.”

“त्याचा काय करू मी?” म्हणून वडील निघून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी टोपी घातली नव्हती.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मी पेशंटला बाहेर थांबवलं आणि दार लावून घेतलं.

“तुम्ही अख्ख्या तालुक्याचे शब्द तपासता,” मी म्हटलं. “बाहेर जाऊन स्वतःचा एक वाचून या.”

“म्हणजे?”

“पाटी वाचा. मोठ्यानं.”

ते खरंच बाहेर गेले. भर रस्त्यात उभं राहून, चष्मा वर करून वाचलं, “डोक्याचा दवाखाना.” समोर एक रिक्षावाला गिऱ्हाइकाची वाट बघत होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, “इथे काय होतं रे?”

“येड्यांचा हाय ना? दर गुरुवारी?” तो म्हणाला. “पन डाक्टर चांगला हाय म्हनतात.”

डॉक्टर आत आले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, “डोक्याची. तुमच्यासारख्या पुण्याच्या बाईला कळलं, आणि मी इथे जन्मलो.” मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग येत होता, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता. ते का, ते पुढे येईलच.

पुढच्या बुधवारी आम्ही चौघं जीपनं मुलाच्या गावी गेलो. डॉक्टर, काका, सिस्टर आणि मी. सरपंचांना आधी निरोप होता, देवळाच्या पडवीत टेबल आणि स्टूल मांडलेलं होतं. मुलीच्या वडिलांनाही डॉक्टरांनी बोलावून घेतलं होतं. ते लांब भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचं सगळं लक्ष जमिनीकडे होतं. गाव जमलं होतं, पण अंगणाच्या पलीकडे. नवऱ्या मुलाची आई कोण हे मला सिस्टरांनी खुणेनं दाखवलं. उंच, काटक बाई, कपाळावर पदर ओढून खांबाआड उभी.

डॉक्टर उभे राहिले. “माझ्या दवाखान्याच्या पाटीवर मी ‘डोक्याचा’ असं लिहिलं,” ते म्हणाले. “‘डोकेदुखीचा’ लिहायला हवं होतं. दोन अक्षरं वाचवली आणि माणसांची लाज काढली. चूक माझी आहे. तिथे येणाऱ्या कुणाचीही नाही. आता ज्याचं डोकं दुखत असेल त्यानं इथे येऊन बसा.”

कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, “आमच्या गावात कुनाचं डोकं दुखत नाय.” बायका पदराआड हसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डॉक्टर पेन हवेत धरून उभे. मुलीचे वडील हळूहळू पायरीकडे सरकायला लागले. ते गेले असते तर सगळंच संपलं होतं.

मी उठले आणि त्या स्टुलावर जाऊन बसले.

“बाई, हे काय?” डॉक्टर हळूच म्हणाले.

“माझं ठणकतं,” मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. “उजवीकडून. उलटी होईपर्यंत.”

त्यांना वाटलं मी नाटक करतेय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. “कधीपासून?”

“सोळाव्या वर्षापासून.”

“माझ्याकडे तुम्हाला चार वर्षं झाली.”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

काय सांगणार होते मी? माझी एक आत्या होती. तिचं डोकं दुखायचं, ती अंधार करून खोलीत पडून राहायची. घरातले पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगायचे, हिचं जरा डोक्याचं आहे. तिचं लग्न झालं नाही. माझं पहिल्यांदा ठणकलं तेव्हाच मी ठरवलं होतं की कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्याला पित्त सांगायचे, सासूबाईंना उपास सांगायचे. दर गुरुवारी बायकांना धीर देऊन सांगायचे की लपवू नका, आणि संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून ओकायचे. हे सगळं मी तिथे, त्या परक्या गावासमोर, सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

“गोळी?” डॉक्टरांनी विचारलं.

मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निम्मं संपलेलं होतं. ते त्यांनी उचललं, उलटसुलट केलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पेशंट दवाखान्याच्या पायऱ्या कसा चढतो त्यावरूनच त्याचं डोकं ओळखतो अशी फुशारकी मारणारा हा माणूस, आणि मी चार वर्षं त्याच्या पायऱ्या चढत होते.

“अगो बाय,” अंगणातून एक म्हातारी म्हणाली, “मानेबाईंचं बी दुखतं!”

आणि ती काठी टेकत पुढे आली. तिच्यामागून दुसरी. मग एका दिवसासाठी मुंबईहून आलेला एक तरुण, मग सरपंचांची बायको. तासाभरात रांग लागली. कुणाचं ठणकत होतं, कुणाचं उठत होतं, एकीचं ‘कुरकुरतं’ निघालं आणि डॉक्टर खूष झाले, हे त्यांच्याकडे नव्हतं. डोकं दुखत नाही म्हणणारा तो म्हातारा अकरावा बसला. काकांनी त्याला भिंग लावलं तर त्याला देवळावरची अक्षरं वाचता यायला लागली, तो ती पुन्हा पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवू लागला.

ऊन कलायला लागलं तशी रांग संपली. मग खांबाआडची ती बाई आली. स्टुलावर बसली. पदर सरकला तेव्हा दिसलं, कपाळावर फडकं घट्ट आवळून बांधलेलं होतं. कातडीवर त्याचा वळ उठला होता.

“काय करतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“धरतं. सोडीतच नाय.”

“कधीपासून?”

“पोरगा झाला तवापासून. पंचवीस वर्सं झाली.”

“घरात कुणाला ठाऊक आहे?”

“नाय.”

“सांगितलं नाही?”

“सांगून काय व्हईल? डोक्याची म्हनतील.”

म्हणाली आणि थांबली. तोंडातून गेलेला शब्द तिनं ऐकला. आम्ही सगळ्यांनीच ऐकला. भिंतीपाशी उभे असलेले मुलीचे वडील पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. मला वाटलं, आता डॉक्टर हा शब्द धरणार. आयुष्यात त्यांनी कुणाचा शब्द सोडला नव्हता. पण ते खाली कागदाकडे बघत राहिले.

तिनं फडकं सोडलं. बोटाला गुंडाळलं, पुन्हा उलगडलं.

“गुरुवारी महाडला यावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “दोन-चार महिने तरी. मानेबाई व्यायाम दाखवतील. एकट्या येऊ नका. बरोबर कोण येईल?”

मी पेन सरसावून बसले. ती भिंतीकडे बघत होती, मुलीच्या वडिलांकडे. ते तिच्याकडे.

“लिवा,” ती मला म्हणाली. “आमची सून येल. तिला दवाखाना ठावा हाय.”